निक्सी ट्यूबचे घड्याळ करताना ट्यूब सर्वांत शेवटी लावावी

निक्सी ट्यूब म्हणजे काचेच्या आत नारिंगी अंक उजळून दाखवणारी जुनी नळी. तिचे घड्याळ स्वतः करू पाहणाऱ्या नवख्या माणसाला मी सर्वांत आधी एकच गोष्ट सांगतो. हातात आलेल्या ट्यूब कापसात गुंडाळून कपाटात ठेवाव्यात आणि बाकीचे सर्किट पूर्ण होऊन, मोजून, तपासून झाल्याशिवाय त्या बाहेर काढू नयेत. रेझिस्टर जळला तर रुपया-दोन रुपयांत दुसरा मिळतो आणि अंक पेटवणारा ड्रायव्हर आयसी (चिप) गेला तर जुन्या साठ्यातला दुसरा मागवता येतो. ट्यूब मात्र ज्या कारखान्यांत होत होत्या, तिथले उत्पादन थांबून तीस वर्षे उलटली आहेत. चेक प्रजासत्ताकात दालिबोर फार्नी यांनी ५० मिलिमीटर उंचीचा अंक असलेली ट्यूब पुन्हा हाताने घडवायला सुरुवात केली हे खरे, पण तिची किंमत शिकाऊ हातांनी प्रयोग करण्यासारखी नाही. म्हणून पुढे सांगितलेला कामाचा क्रम ट्यूब वाचवण्याच्या दृष्टीने लावला आहे, आणि तो उलटसुलट करू नये अशी माझी विनंती आहे.

ट्यूबच्या आत काय घडते

ही ट्यूब अमेरिकेतील बरोज कॉर्पोरेशनने १९५५ मध्ये बाजारात आणली. तिचे मूळ काम हायडू ब्रदर्स या लहान कंपनीत झाले होते आणि बरोजने ती कंपनी विकत घेतली होती. पुढची पंधरा-वीस वर्षे व्होल्टमीटर, फ्रीक्वेन्सी काउंटर आणि १९६१ च्या ‘अनिता’सारख्या टेबलावरच्या गणकयंत्रांमध्ये अंक दाखवण्याचे काम याच ट्यूबने केले. १९७० च्या दशकात एलईडी आले आणि तिची गरज संपत गेली. सोव्हिएत संघात मात्र तिचे उत्पादन त्यानंतरही बराच काळ चालू राहिले, आणि आज छंद म्हणून घड्याळे करणाऱ्यांच्या हाती पडणाऱ्या बहुतेक ट्यूब तिथल्याच असतात.

रेडिओच्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये तापून लाल होणारी तार असते, तशी या ट्यूबमध्ये नसते. पातळ पत्र्यातून कापलेले शून्य ते नऊ असे दहा अंक एकामागे एक रचलेले असतात आणि प्रत्येक अंकाची वायर वेगळी बाहेर काढलेली असते. हे अंक म्हणजे कॅथोड, आणि त्यांच्या पुढची बारीक जाळी म्हणजे ॲनोड. आत कमी दाबाखाली निऑन वायू भरलेला असतो. जाळी आणि एखादा अंक यांच्यात साधारण १७० व्होल्टचा दाब दिला की त्या अंकाभोवतीचा वायू पेटतो आणि अंकाच्या आकाराची नारिंगी आभा दिसते. एकदा पेटल्यावर ट्यूबवरचा दाब १४० व्होल्टच्या आसपास येऊन स्थिरावतो. ट्यूब स्वतःहून विजेचा प्रवाह मर्यादित ठेवू शकत नाही, ते काम बाहेर लावलेल्या रेझिस्टरला करावे लागते. हा रेझिस्टर विसरला तर ट्यूब क्षणात कायमची जाते.

भिंगाखाली ट्यूब धरून पाहिली तर अंक क्रमाने रचलेले नाहीत हेही लक्षात येते. पुढचा अंक मागच्या अंकाला कमीत कमी झाकेल असा विचार त्या रचनेत केलेला असतो. सोव्हिएत आयएन-१२ आणि आयएन-१४ या ट्यूबमध्ये पाचाचा अंक म्हणजे उलटा ठेवलेला दोनच असतो. काहींना ते खटकते. मला त्यात पत्रा आणि साचा वाचवणाऱ्या कारागिराचा हात दिसतो, आणि म्हणून ते पाच मला आवडतात.

कोणती ट्यूब निवडावी

पहिल्या घड्याळासाठी आयएन-१२ घ्यावी आणि चारच घ्याव्यात, तासाच्या दोन आणि मिनिटांच्या दोन. आयएन-१४ उभी असते आणि दिसायला अधिक देखणी असते, पण तिच्या तेरा नाजूक तारा बोर्डवर थेट सोल्डर कराव्या लागतात, आणि एकदा सोल्डर केलेली ट्यूब काढताना काचेतून तार जिथे बाहेर येते तिथे तडा जाण्याची भीती असते. आयएन-१८ चा अंक ४० मिलिमीटर उंच असतो आणि तिची किंमतही त्या मानाने चढी असते. आयएन-१२ चा अंक १८ मिलिमीटरचा, म्हणजे टेबलावरच्या घड्याळाला पुरेसा असतो. या ट्यूबला कडक पिना असतात, त्यामुळे ती सॉकेटमध्ये बसते आणि हवी तेव्हा काढता येते. सेकंदांसाठी आणखी दोन ट्यूब लावण्याचा मोह पहिल्या वेळी टाळावा.

मागवताना चाराऐवजी सहा मागवाव्यात आणि सॉकेट त्यांच्याबरोबरच घ्यावेत. विक्रेत्याने ‘न वापरलेल्या’ असे लिहिले असले तरी प्रत्येक ट्यूब आल्या दिवशी उजेडात नीट पाहावी. पिनांच्या मुळाशी काचेला केसासारखी रेघ आहे का आणि आत काही सुटे झाले आहे का, एवढे तरी नक्की तपासावे. ट्यूबवर बहुधा उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते, ते वहीत उतरवून घ्यावे आणि प्रत्येक ट्यूबला क्रमांक द्यावा. या वहीचा उपयोग शेवटी होईल.

बाकीचे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत एका फेरीत मिळते: १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर, अर्दुइनो नॅनो हा प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड, डीएस३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल, मोजक्या पिनांवरून अनेक बिट बाहेर काढणारे ७४एचसी५९५ हे दोन आयसी, रेझिस्टर, कपॅसिटर आणि आयसी सॉकेट. के१५५आयडी१ हा ड्रायव्हर आयसी चार नग लागतो. अमेरिकेतील ७४१४१ या आयसीची ती सोव्हिएत आवृत्ती आहे, आणि ती ट्यूब विकणाऱ्याकडेच मिळण्याची शक्यता अधिक असते. सोव्हिएत आयसींच्या पिनांमधले अंतर २.५४ नव्हे, २.५ मिलिमीटर असते. सोळा पिनांच्या आयसीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हा फरक जेमतेम पाव मिलिमीटर भरतो, त्यामुळे सॉकेटमध्ये तो बसतो, पण जोर न लावता, दोन्ही बाजूंनी हळूहळू दाबून बसवावा लागतो.

१८० व्होल्टशी कसे वागावे

हा भाग घाईने वाचू नये. आपण भिंतीवरच्या २३० व्होल्टला हात लावणार नाही, अडॅप्टरमधून येणाऱ्या १२ व्होल्टवरच काम करणार आहोत. परंतु त्याच १२ व्होल्टपासून आपण १८० व्होल्ट डीसी तयार करतो, आणि तो साठवणारा कपॅसिटर लहान असला तरी त्याचा झटका हाताला चांगलाच बसतो. ओल्या हातांनी किंवा दोन हात दोन ठिकाणी टेकवून तो घेतला तर धोका वाढतो. सर्किट चालू असताना मोजमाप करायचे असेल तर मल्टिमीटरचा काळा प्रोब क्लिपने ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या ऋण टोकाला, अडकवावा, लाल प्रोब एका हातात धरावा आणि दुसरा हात पाठीमागे ठेवावा. बोटातली अंगठी आणि मनगटावरचे धातूचे घड्याळ आधी काढून ठेवावे.

नवख्यांचा हमखास होणारा एक गैरसमज असा की वीज बंद केली, ट्यूब विझली, म्हणजे आता हात लावायला हरकत नाही. माझ्या पहिल्या घड्याळाच्या वेळी मीही असेच समजलो होतो. ट्यूब विझल्यावर मी बोर्ड उचलला आणि अंगठ्यापासून कोपरापर्यंत झटका बसला. कारण सरळ आहे. कपॅसिटरमधला दाब पेटते राहण्याच्या मर्यादेखाली गेला की ट्यूब विझते आणि त्यानंतर ती कपॅसिटरमधून काहीही खेचत नाही, म्हणजे अंधारलेल्या ट्यूबमागे शंभराहून अधिक व्होल्ट रेंगाळत असू शकतात. यावर उपाय म्हणून उच्च दाबाच्या कपॅसिटरच्या दोन टोकांवर ४७० किलोओहमचा एक रेझिस्टर कायमचा जोडून ठेवावा. कपॅसिटर ४.७ मायक्रोफॅरडचा असेल तर अडॅप्टर काढल्यानंतर साधारण सात सेकंदांत दाब १० व्होल्टच्या खाली येतो. तरीही हात लावण्यापूर्वी दर वेळी मीटरने मोजावे. घरात लहान मुले असतील तर उघडे सर्किट रात्रभर टेबलावर ठेवू नये.

पहिली पायरी: उच्च दाबाचा पुरवठा

१२ व्होल्टचे १८० व्होल्ट करणारे बूस्ट सर्किट एमसी३४०६३ हा आयसी, आयआरएफ७४० हा मॉसफेट (जलद स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर), एक कॉइल, यूएफ४००४ हा जलद डायोड आणि किमान २५० व्होल्टचा कपॅसिटर यांपासून करता येते. हे सर्किट ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचण्याच्या बोर्डवर, करू नये. त्यात कॉइलमधला प्रवाह क्षणाक्षणाला तोडला जातो, आणि ब्रेडबोर्डच्या लांब वायरी आणि सैल क्लिप यांमुळे मॉसफेट तापतो आणि दाब डळमळतो. डायोडच्या जागी हाताशी असलेला १एन४००७ लावण्याची चूकही पुष्कळदा होते. तो २३० व्होल्टच्या संथ विजेसाठी योग्य आहे, इथे मात्र तो वेळेत बंद होऊ शकत नाही आणि गरम होतो. ज्यांनी असे सर्किट पूर्वी कधी केलेले नाही त्यांनी पहिल्या घड्याळासाठी तयार बूस्ट मॉड्यूल घ्यावे, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मॉड्यूलवरचा लहान प्रीसेट (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) फिरवून दाब १८० व्होल्टवर आणावा. त्यानंतर ट्यूबऐवजी २२ किलोओहम, ५ वॉटचा एक रेझिस्टर लोड म्हणून जोडावा. त्यातून सुमारे ८ मिलिअँपिअर वाहतात, म्हणजे आपल्या चार ट्यूब मिळून जेवढा प्रवाह घेतील जवळपास तेवढाच. अर्धा तास ते तसेच चालू ठेवावे. दाब चार-पाच व्होल्टहून अधिक उतरला, कॉइलमधून किणकिण आवाज आला किंवा बंद करून, मीटरने खात्री करून मॉसफेटला बोट लावल्यावर चटका बसला, तर पुरवठा अजून तयार नाही असे समजावे आणि दोष सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

तर्काच्या (लॉजिक) आयसींसाठी ५ व्होल्ट वेगळे लागतात. चार के१५५आयडी१ मिळून ६० ते १०० मिलिअँपिअर घेतात आणि अर्दुइनोचा प्रवाह त्यात मिळवावा लागतो. १२ चे ५ व्होल्ट करायला ७८०५ हा आयसी वापरला तर उरलेल्या ७ व्होल्टची उष्णता त्याला सोसावी लागते, म्हणून त्याला हीटसिंक लावावा किंवा दाब उतरवणारे लहान बक मॉड्यूल वापरावे. सर्किट चालू होताना ५ व्होल्ट आधी आणि १८० व्होल्ट नंतर यावेत अशी व्यवस्था करावी. बूस्ट मॉड्यूलला बंद-चालू करण्याची पिन असेल तर ती अर्दुइनोच्या ताब्यात द्यावी, म्हणजे हा क्रम आपोआप सांभाळला जातो.

दुसरी पायरी: वेळ आणि अंक

घड्याळाची अचूकता डीएस३२३१ वर सोपवावी. तापमानानुसार स्वतःला दुरुस्त करणारा हा आयसी ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये दहा लाखांत दोन भागांइतका अचूक राहतो, म्हणजे वर्षाकाठी चूक फार तर एका मिनिटाच्या आसपास होते. या आयसीच्या स्वस्त मॉड्यूलवर बॅटरी चार्ज करणारी एक वाट दिलेली असते. ती रिचार्ज होणाऱ्या बॅटरीसाठी आहे. त्यात साधी सीआर२०३२ घालायची असेल तर त्या वाटेतला छोटा डायोड किंवा रेझिस्टर काढून टाकावा, नाहीतर बॅटरी फुगू शकते.

या आयसीची एक गंमत आपल्या कामाची आहे. तो मिनिटे साध्या द्विमान संख्येत ठेवत नाही, दशक आणि एकक वेगवेगळे ठेवतो. ४७ मिनिटे झाली असतील तर त्याच्या आत ०१०० आणि ०१११, म्हणजे चार आणि सात, असे दोन चार-चार बिटांचे गट असतात. के१५५आयडी१ ला हेच हवे असते. त्याला चार बिटांचा एक गट दिला की तो दहांपैकी तेवढ्या क्रमांकाची वाट ग्राउंडला जोडतो आणि तो अंक पेटतो. नऊच्या पुढचा संकेत दिला की एकही अंक पेटत नाही, म्हणून पहाटेच्या ५ वाजता पुढचे निरर्थक शून्य विझवायचे असेल तर पहिल्या ट्यूबला पंधरा हा संकेत द्यावा.

चार आयसींना चार-चार बिट म्हणजे सोळा वायरी लागतात. तेवढ्या थेट अर्दुइनोतून काढण्यापेक्षा ७४एचसी५९५ चे दोन आयसी एकामागे एक जोडावेत, म्हणजे अर्दुइनोच्या फक्त तीन पिनांवर काम भागते. प्रोग्रामला करायचे ते एवढेच: दर सेकंदाला वेळ वाचावी, मिनिट बदलले असेल तर सोळा बिट पुढे ढकलावेत आणि मग लॅच, म्हणजे ते सर्व एकदम बाहेर आणणारा संकेत, द्यावा. प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याच्या पिनेजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावायला विसरू नये, तो नसला की अंक अधूनमधून भलतेच उमटतात.

इंटरनेटवरून वेळ घ्यायची असेल तर अर्दुइनोऐवजी वाय-फाय असलेला ईएसपी८२६६ वापरता येतो. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या ७४एचसी५९५ ला तो दाब काठावरचा पडतो, त्यामुळे तिथे ७४एचसीटी५९५ घ्यावा. भारतात एकच प्रमाणवेळ आहे आणि उन्हाळ्यात घड्याळे पुढेमागे केली जात नाहीत, म्हणून ग्रीनिचच्या वेळेत १९,८०० सेकंद मिळवले की काम होते. युरोप-अमेरिकेतील मराठी वाचकांनी मात्र आपल्या शहराचा पूर्ण कालविभाग प्रोग्राममध्ये द्यावा, नुसता फरक मिळवला तर वर्षातून दोनदा घड्याळ एका तासाने चुकेल.

हे सर्व झाले तरी ट्यूब अजून कपाटातच राहू द्यावी. के१५५आयडी१ च्या दहा वाटांवर ५ व्होल्टवरून रेझिस्टरसह दहा एलईडी तात्पुरते जोडावेत आणि शून्य ते नऊ हा क्रम चारही स्थानांवर बरोबर चालतो याची खात्री करावी. हा दीड तासाचा कंटाळवाणा उद्योग वाटेल, पण वायरिंगच्या चुकांपैकी बहुतेक चुका इथेच सापडतात, आणि त्या ५ व्होल्टवर सापडलेल्या बऱ्या.

तिसरी पायरी: सॉकेट आणि ॲनोडचा रेझिस्टर

आयएन-१२बी, म्हणजे दशांशबिंदू असलेली आयएन-१२, हिची पहिली पिन ॲनोड असते, त्यानंतर क्रमाने ०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २, १ आणि बारावी पिन दशांशबिंदूची. डेटाशीटमधले चित्र ट्यूबच्या पिनांकडून पाहिलेले असते, हे बोर्ड आखताना विसरले तर सर्व अंक आरशातल्यासारखे उलट्या क्रमाने येतात. बोर्डवर १८० व्होल्टचा ट्रॅक आणि इतर ट्रॅक यांच्यात किमान २ मिलिमीटरचे अंतर ठेवावे. सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने पुसून काढावा. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात हा चिकट थर ओल धरतो, त्यातून थोडी वीज झिरपते आणि पेटलेल्या अंकामागे दुसऱ्या अंकाची फिकट सावली दिसू लागते. अशा वेळी पुष्कळ जण ट्यूबला दोष देतात, पण दोष बोर्डच्या स्वच्छतेचा असतो.

आता रेझिस्टरचा हिशेब. पुरवठा १८० व्होल्ट, पेटलेल्या ट्यूबवर सुमारे १४० व्होल्ट, म्हणजे रेझिस्टरवर ४० व्होल्ट पडतात. प्रवाह २ मिलिअँपिअर हवा असेल तर ४० भागिले ०.००२, म्हणजे २० किलोओहम. बाजारात २२ किलोओहम सहज मिळतो आणि त्यातून १.८ मिलिअँपिअर वाहतात. सुरुवात तिथूनच करावी. प्रत्येक ट्यूबला स्वतंत्र रेझिस्टर लावावा. अंकाचा एखादा कोपरा अंधारा राहिला तर १८ आणि मग १५ किलोओहमपर्यंत खाली यावे, त्याहून खाली रोजच्या वापरासाठी येऊ नये. प्रवाह जास्त झाला की आभा अंकाबाहेर त्याच्या वायरीवर पसरते, अंकाच्या धातूचे कण उडण्याचा वेग वाढतो आणि ट्यूबचे आयुष्य कमी होते. खोलीत दिवसा थोडे फिके दिसले तरी चालेल. या ट्यूबचे खरे सौंदर्य संध्याकाळी दिवे मंद केल्यावरच दिसते.

तास आणि मिनिटे यांमधल्या दोन ठिपक्यांसाठी आयएनएस-१ या छोट्या निऑन बत्त्या वापरतात. त्यांना प्रत्येकी २२० ते २७० किलोओहमचा रेझिस्टर आणि चालू-बंद करायला एमपीएसए४२ हा ३०० व्होल्टचा ट्रान्झिस्टर पुरतो.

चौथी पायरी: ट्यूब तपासणे आणि बसवणे

घड्याळात बसवण्यापूर्वी प्रत्येक ट्यूब स्वतंत्रपणे पेटवून पाहावी. एक जादा सॉकेट घ्यावे, ॲनोडला २२ किलोओहममधून १८० व्होल्ट द्यावेत आणि दहा अंकांच्या पिना रोटरी स्विचमार्गे ग्राउंडला जोडाव्यात. स्विच फिरवत एकेक अंक पेटवता येतो आणि उघड्या वायरीला हात लावावा लागत नाही. चांगल्या ट्यूबमध्ये प्रत्येक अंक टोकापासून टोकापर्यंत सारखा उजळतो. काही ट्यूबमध्ये नारिंगीभोवती निळसर झाक दिसते. ती बहुधा पाऱ्याच्या अत्यल्प वाफेची असते. पारा अंकांची झीज कमी व्हावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो, त्यामुळे अशी ट्यूब खराब समजू नये. ती फुटली तर मात्र खिडक्या उघडाव्यात आणि काचा हाताने न उचलता कागदाने गोळा कराव्यात. याउलट जांभळट, पसरट प्रकाश येत असेल किंवा ट्यूब पेटतच नसेल तर आत हवा शिरली आहे, आणि त्यावर घरी करण्यासारखा उपाय नाही. मी एकदा मागवलेल्या सहांपैकी एक अशी निघाली होती, तेव्हापासून मी दोन जास्तीच्या मागवतो.

अंकाचा काही भागच पेटत असेल तर त्याला कॅथोडचे विषारणे म्हणतात. दीर्घकाळ एकच अंक पेटत राहिला की त्याच्या धातूचे सूक्ष्म कण शेजारच्या न पेटणाऱ्या अंकांवर बसतात आणि तो भाग झाकला जातो. यावर बऱ्याचदा उपाय होतो. तपासणीच्या सॉकेटवर रेझिस्टर १० किलोओहमचा करावा, म्हणजे प्रवाह ४ मिलिअँपिअर होतो, आणि फक्त तोच अंक काही तास पेटता ठेवावा. दर अर्ध्या तासाने पाहत राहावे. अंधाऱ्या भागाची कड हळूहळू सरकताना दिसते, आधी एक ठिपका उजळतो, मग रेघ जुळते. चाळीस वर्षे अंधारात पडलेला आठाचा खालचा घेर असा उजळून पूर्ण होताना पाहिला की या कामाला दिलेल्या सगळ्या संध्याकाळी वसूल होतात. अंक पूर्ण होताच प्रवाह पुन्हा नेहमीइतका करावा.

तपासून झालेली ट्यूब वीज बंद असताना सॉकेटमध्ये सरळ, चारही बाजूंनी सारखा दाब देत बसवावी. तिरपी दाबली तर पिनेच्या मुळाशी काच तडकते, आणि तो तडा त्या दिवशी न दिसता महिन्याभराने ट्यूब जांभळी झाल्यावर कळतो. पहिल्यांदा एकच ट्यूब लावून घड्याळ चालू करावे आणि तिच्या रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतात ते मोजून वहीत लिहावे. ४० व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बंद करून दुसरी लावावी.

जुने उपकरण हाती आले तर

मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात कधीतरी निक्सी ट्यूबचा काउंटर किंवा व्होल्टमीटर मिळून जातो. त्याच्या ट्यूब काढून घड्याळ करावे असा विचार लगेच मनात येतो. उपकरण दुरुस्त होण्यासारखे असेल तर तसे करू नये, असे माझे ठाम मत आहे. सुट्या ट्यूब अजून मिळतात, अखंड उपकरणे मात्र कमी होत चालली आहेत.

असे उपकरण घरी आणल्यावर ते थेट भिंतीच्या सॉकेटला लावू नये. आधी मागची बाजू पाहावी. अमेरिकेतून आलेल्या उपकरणांना ११५ आणि २३० व्होल्ट यांतून निवड करणारा स्विच असतो आणि तो ११५ वर असण्याची शक्यता बरीच असते. मग झाकण उघडून धूळ ब्रशने काढावी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पाहावेत. फुगलेले, गळालेले किंवा मोजल्यावर कमी भरणारे बदलावेत. पहिल्यांदा वीज देताना रेडिओ दुरुस्त करणारे वापरतात तसा सिरीज बोर्ड, म्हणजे ओळीत ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब, वापरावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पूर्ण उजळून राहिला तर आत शॉर्ट आहे. इथे मात्र आपण २३० व्होल्टच्या थेट संपर्कात असतो, त्यामुळे ज्यांना त्याची सवय नाही त्यांनी हा भाग अनुभवी माणसाला सोबत घेऊनच करावा.

जुन्या घड्याळांपैकी काही भिंतीच्या विजेची आवर्तने मोजून वेळ ठेवतात. अमेरिकेत ही आवर्तने सेकंदाला ६० असतात आणि आपल्याकडे ५०, त्यामुळे तिथले घड्याळ इथे दर तासाला दहा मिनिटे मागे पडते. त्यात बिघाड शोधत बसू नये. सर्किटमध्ये भागाकाराची जोडणी ५० वर बदलण्याची सोय आहे का ते पाहावे, आणि नसेल तर बाहेरून ६० आवर्तनांचा संकेत द्यावा.

घड्याळ चालू झाल्यानंतर

रोज पहाटे ३ वाजता दहा मिनिटे चारही ट्यूबवर शून्य ते नऊ हे अंक फिरवत राहील असा भाग प्रोग्राममध्ये ठेवावा. तासाच्या दशकाची ट्यूब दिवसभर ०, १ आणि २ एवढेच दाखवते, त्यामुळे तिचे उरलेले सात अंक या व्यायामाशिवाय विषारतात. ही दहा मिनिटे सोडून रात्री १२ ते ६ या वेळेत उच्च दाब बंद ठेवला किंवा खोलीत माणूस असेल तेव्हाच अंक पेटावेत म्हणून पीआयआर सेन्सर लावला, तर ट्यूबचे आयुष्य वाढते. लाकडी पेटीत बसवताना तळाशी आणि मागे हवा खेळण्यासाठी भोके ठेवावीत, आणि १८० व्होल्टचा कोणताही भाग मागच्या झाकणातून बोटाला लागणार नाही हे पाहावे.

वर्षातून एकदा वही काढावी. अडॅप्टर काढून अर्धे मिनिट थांबावे, कपॅसिटरवर मीटर लावून दाब उतरल्याची खात्री करावी, आणि तासाच्या दशकाची ट्यूब मिनिटांच्या एककाच्या जागी व तिथली इकडे बसवावी. सॉकेटमधून काढताना काचेला न पिळता, कडेला धरून सरळ वर ओढावी. मग चारही रेझिस्टरवरचे व्होल्ट पुन्हा मोजून मागच्या वर्षीच्या आकड्यांशेजारी लिहावेत. ज्या ट्यूबचा आकडा बराच बदललेला दिसेल, तिचे दहाही अंक त्याच दिवशी तपासणीच्या सॉकेटवर पाहून घ्यावेत.